फायनल फॅन्टसी १४: पहिला हीलर कोणता घ्यावा?

या ऑनलाइन गेममध्ये साथीदारांना बरं करणारा म्हणजे हीलर. पहिल्यांदा डोळे झाकून कॉन्ज्युरर घे. लेव्हल ३०ला जॉब क्वेस्ट (पुढचा पेशा मिळवून देणारी मोहीम) झाली की तोच व्हाइट मेज होतो. एचपी (जीवशक्ती) गेली की भरायची, एवढाच हिशोब. स्कॉलर या दुसऱ्या हीलरचं उलटं: फटका बसायच्या आधी शिल्ड हवी, म्हणजे बॉसच्या चाली पाठ असाव्या लागतात. अ‍ॅस्ट्रोलॉजियनचे पत्ते झकास दिसतात, पण नवख्याचा बटणांतच गोंधळ उडतो. सेज फ्री ट्रायलमध्ये नाहीच, सध्या विसर.

आठ जणांच्या लढाईत स्कॉलर आणि सेज एकत्र आले तर त्यांच्या मुख्य शिल्ड एकमेकींवर चढत नाहीत. एकाची मेहनत फुकट.

नवखे मार खातात ते मात्र भलत्याच ठिकाणी. टँकची (पुढे राहून शत्रूचा मार झेलणाऱ्याची) एचपी ९० टक्के असतानाही क्युअर (एचपी भरणारा मंत्र) दाबत बसतात. निम्म्यावर येईपर्यंत शत्रूला स्टोन (हल्ल्याचा मंत्र) मारत राहा. बेनेडिक्शन (एका झटक्यात पूर्ण एचपी भरणारी शक्ती) जपून ठेवता ठेवता टँक मेला, हे तर रोजचंच! १८० सेकंदांत ती परत मिळते, वापर की. स्विफ्टकास्ट (पुढचा मंत्र तत्काळ करणारी शक्ती) तेवढी रेझसाठी, म्हणजे मेलेल्याला उठवण्यासाठी, राख; नाहीतर आठ सेकंद एका जागी उभं राहून कास्ट करावं लागतं, आणि हललास की कास्ट तुटते.

ठाण्याहून खेळताना सर्व्हर परदेशात, पिंग (सर्व्हरचं उत्तर यायला लागणारा वेळ) जास्त. हल्ला कुठे पडणार ते दाखवणारी जमिनीवरची केशरी खूण मिटायची वाट बघू नकोस, दिसताक्षणी बाहेर पड. वायफाय सोड, केबल लाव. पावसाळ्यासाठी राउटरला छोटा यूपीएसही.