१९४४ साली जपानने इंफाळ जिंकलं असतं, तर भारत तेव्हाच स्वतंत्र झाला असता का?

नाही.

माझे आजोबा, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, ४/५ मराठा लाइट इन्फन्ट्रीत शिपाई होते. मार्च १९४४ च्या अखेरीस त्यांची पलटण ५० व्या पॅराशूट ब्रिगेडबरोबर इंफाळच्या ईशान्येला सांगशाकच्या टेकडीवर लढली. खाली कातळ, खंदक धड खणता येईनात. काटेरी तार नाही. विमानातून टाकलेलं सामान बरंचसं जपान्यांच्या हाती पडलं. तरी २६ तारखेला माघारीचा हुकूम येईपर्यंत त्यांनी टेकडी सोडली नाही, आणि तेवढे दिवस उत्तरेकडच्या कोहिमाच्या ठाण्याला तयारीसाठी मिळाले. आबा लढाईबद्दल बोलत नसत, फक्त तिथल्या तहानेबद्दल बोलत. घरात कुणी तांब्यातलं उरलेलं पाणी मोरीत ओतलं, की उठून बाहेर जात.

१९९१ साली माझ्या मुलीच्या बारशाला धाकटे काका भर पंगतीत त्यांना म्हणाले, "तुम्ही भाडोत्र्यांनी अडवलं नसतं तर नेताजी तेव्हाच दिल्लीत असते." आबांनी हातातला घास ताटात ठेवला आणि उठले. पोटच्या मुलाने बापाला असं म्हणावं!

काकांना तेव्हा सांगायचं राहिलं ते इथे लिहितो. जपानी सेनापती मुतागुचींनी जेमतेम तीन आठवड्यांचा शिधा देऊन फौज ब्रह्मदेशातल्या चिंदविन नदीपार पाठवली होती. साऱ्या बेताची भिस्त इंफाळमधले इंग्रजांचे साठे हाती येण्यावर. पुढे दिमापूर पडलं असतं, तर आसामची रेल्वे आणि चीनला विमानाने जाणारी रसद धोक्यात आली असती, युद्ध लांबलं असतं. पण दिल्ली? ती उपाशी फौज जगली असती शेतकऱ्याच्या कणगीवर, आणि बंगाल तर १९४३ च्या दुष्काळातून नुकता उठत होता. अंदमान बघा. कागदोपत्री ते आझाद हिंद सरकारकडे होतं, तरी ३० जानेवारी १९४४ ला होम्फ्रेगंजला जपान्यांनी ४४ भारतीयांना गोळ्या घातल्या.

जपान्यांबरोबर लढलेल्या नेताजींच्या आझाद हिंद फौजेच्या सैनिकांना मी कमी लेखत नाही. स्वारी फसली तरी त्यांच्यावरच्या लाल किल्ल्यातल्या खटल्यांनी देश पेटला आणि इंग्रजांचा हिंदी फौजेवरचा भरवसा उडाला. तेवढं काकांचं खरं.

तुमच्याही घरात त्या लढाईतलं कुणी असेल, तर आधी त्यांना विचारा ते कुठे होते. आमच्या काकांनी कधीच विचारलं नाही. आबांचा बर्मा स्टार, म्हणजे त्या लढाईचं पदक, माझ्या कपाटात आहे. काकांनी यावं आणि एकदा हातात घेऊन बघावा.