किनाऱ्याची प्रश्नपेटी : जागा बरोबर, वेळ चुकली

प्रश्न : दिवाळीत मुलांना घेऊन रत्नागिरीला आलो होतो. पाडव्याच्या दिवशी दुपारी बारा ते दोन खडकाळ किनाऱ्यावर फिरलो. समुद्रात एवढे प्राणी असतात म्हणतात, पण आम्हाला कावळे, कुत्री आणि एक मेलेला मासा दिसला. चुकीच्या जागी गेलो का?
– एक वाचक, ठाणे

जागा बरोबर होती, वेळ चुकली. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. आमच्याकडे खारव्यांची, म्हणजे मच्छीमारांची, पोरं हे शाळेत जायच्या आधी शिकतात. पाडवा म्हणजे प्रतिपदा. एकाची पाऊणपट पाऊण. तुम्ही नेमके पाऊणच्या भर भरतीत उभे होतात आणि बघण्यासारखं सगळं पाण्याखाली होतं. दुसऱ्या दिवशी भाऊबीज, द्वितीया. भरती रात्री दीडला, त्यात सव्वासहा तास मिळवा : सकाळी पावणेआठला पूर्ण ओहोटी. तीही उधाणाची, कारण अमावास्या-पौर्णिमेनंतरचे दोन-तीन दिवस पाणी सगळ्यात लांब जातं. अष्टमीनंतर भांग असतो, पाणी फारसं हटत नाही. त्या दिवशी खुशाल झोपा. (हिशेब ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. मुंबईत थोडा उशीरच धरा.)

ओहोटीच्या तासभर आधी पोचा, पाण्यामागून पुढे सरका आणि पाणी वळलं की तुम्हीही वळा. पायात जुने कॅनव्हासचे बूट हवेत. स्लीपर घालून आलेल्या विद्यार्थ्यांना मी कातळावर उतरू देत नसे. कालवांच्या कडा ब्लेडसारख्या असतात.

मग बसा. हो, बसा. फिरणाऱ्याला काही दिसत नाही. डबक्यापाशी सावली न पाडता दहा मिनिटं उकिडवं बसलं की दगड चालायला लागतात. ते शंखात राहणारे खेकडे. खडकाला चिकटलेले पांढरे खडबडीत सुळके म्हणजे बार्नेकल. दगड वाटतात, पण ती खेकड्या-कोळंबीची भावकी. डोकं कातळाला कायमचं चिकटवायचं आणि पायांनी पाणी ढवळून तोंडात अन्न ओढायचं, एवढाच त्यांचा जन्म. एखाद्या कपारीच्या तोंडाशी खेकड्यांच्या कवचांचा आणि शिंपल्यांचा ढीग दिसला तर आत ऑक्टोपस असण्याची शक्यता मोठी. जेवणाचा केर तो दारातच टाकतो. हात घालू नका, वाट बघा.

तुम्ही ठाण्याचे, तेव्हा दर वेळी इतक्या लांब येण्याचीही गरज नाही. हाजी अलीच्या खडकांवर उधाणाच्या ओहोटीला झोअँथिडचे हिरवे-तपकिरी गालिचे उघडे पडतात. हेही प्राणीच, समुद्रफुलांचे (सी ॲनिमोनचे) जवळचे नातेवाईक. त्यांच्यावर पाय देऊ नका आणि हात लावून डोळे चोळू नका, त्यांच्यातल्या काहींत जहाल विष असतं. तिथे प्रवाळसुद्धा आहे. कोस्टल रोडच्या कामासाठी २०२० मध्ये हाजी अली आणि वरळीच्या प्रवाळाच्या काही वसाहती उचलून दुसरीकडे बसवाव्या लागल्या. मुंबईच्या समुद्रात गटाराखेरीज काही नाही असं म्हणणाऱ्यांना मी हे मुद्दाम ऐकवतो.

प्रश्न : ओल्या वाळूवर छोट्या छोट्या गोळ्यांची नक्षी असते. ती खेकड्याची शी असते असं माझा मित्र म्हणतो. खरं का?
– सातवीतला विद्यार्थी, दापोली

मित्राला सांग, अर्धं बरोबर. काम खेकड्याचंच, पण ती शी नव्हे. हा खेकडा जेमतेम तुझ्या नखाएवढा. ओहोटी लागली की बिळातून बाहेर येतो, नांगीने वाळू तोंडात भरतो, कणांना चिकटलेले सूक्ष्म शेवाळ आणि कुजलेले बारीक कण खाऊन घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून बाजूला टाकतो. बिळापासून सरळ रेषेत खात जातो, म्हणून नक्षी सूर्याच्या किरणांसारखी पसरते. पळायची वाट तो मोकळी ठेवतो, हे नीट बघ. भरती आली की बिळाचं तोंड वाळूने बुजवून आत बसतो.

प्रश्न : पावसाळ्यात जुहूला निळे फुगे वाहून आले होते. हात लावला तर चालतो का? मेलेलेच होते.
– एक वाचक, अंधेरी

नाही. ती ब्ल्यू बॉटल, जेलीफिशसारखा दिसणारा समुद्री प्राणी. तिच्या लांब निळ्या दोऱ्यांमधल्या डंखपेशी ती मेल्यावरही डसतात. तिला स्वतःला पोहता येत नाही. वायूने भरलेल्या फुग्याचं शीड करून वारा नेईल तिकडे जाते आणि नैर्ऋत्येचा वारा तिला आपल्या दारात आणून टाकतो. डंख झालाच तर चोळू नका, वाळू घासू नका. समुद्राच्याच पाण्याने धुवा, चिकटलेले दोरे चिमट्याने काढा आणि सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग वीसेक मिनिटं बुडवा. श्वास लागला तर थेट दवाखाना. तिच्याच सोबत चपटी, गोल निळी बटणं येतात. ती वेगळी, त्यांचा डंख सौम्य, पण मुलांना हा फरक शिकवत बसू नका. निळं दिसलं की लांब, एवढंच सांगा.

प्रश्न : शंख-शिंपले घरी नेले तर चालतात का?
– एक वाचक, पुणे

शंख आधी ओंजळभर समुद्राच्या पाण्यात पाच मिनिटं ठेवा. पाय बाहेर आले तर तो भाड्याने गेलेला आहे, जागच्या जागी ठेवा. शंखात राहणाऱ्या खेकड्याचं पोट मऊ असतं आणि वाढताना त्याला मोठं घर शोधावं लागतं, तेव्हा रिकामे शंखही पिशवी भरून नेऊ नका. प्रवाळाला मात्र हातच लावू नका, मेलेल्या तुकड्यालाही. प्रवाळ आणि काही जातींचे शंख यांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ चं संरक्षण आहे. दुकानात विकायला ठेवलेले दिसले म्हणून ते कायदेशीर होत नाहीत.