अमेरिकेला जाताना घरचा मिक्सर, इस्त्री आणि किटली बरोबर न्यावी का?

तुम्ही न्यू जर्सीला बिऱ्हाड हलवत आहात आणि घरातला 750 वॅटचा मिक्सर, इस्त्री, विजेची किटली व इडलीच्या पिठासाठीचा टेबलटॉप वेट ग्राइंडर बरोबर नेऊन, तिथे अ‍ॅडॅप्टर लावला की भागेल का, असे तुम्ही विचारले आहे. भागणार नाही. अ‍ॅडॅप्टर आपल्या गोल पिना तिथल्या चपट्या खाचांच्या सॉकेटशी जोडून देतो, एवढेच. त्यातून येणारी वीज 120 व्होल्ट आणि 60 हर्ट्झचीच (म्हणजे सेकंदाला 60 आवर्तनांचीच) राहते, आणि आपली उपकरणे 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झसाठी बनवलेली असतात.

म्हणून सामान बांधण्याआधी प्रत्येक वस्तू उलटी करून तिच्यावरची पट्टी वाचा. लॅपटॉपच्या आणि मोबाइलच्या चार्जरवर बहुधा 100 ते 240 व्होल्ट, 50/60 हर्ट्झ असे छापलेले आढळेल. अशा वस्तूंना अ‍ॅडॅप्टर पुरतो. जिथे केवळ 230 लिहिले आहे, तिथे आत तापणारी कॉइल आहे की मोटार, याचा विचार करावा लागतो.

किटली आणि इस्त्री यांत कॉइल असते. व्होल्टेज निम्म्यावर आले की प्रवाहही निम्म्यावर येतो, त्यामुळे उष्णता जवळजवळ पाव होते. 1500 वॅटची किटली तिथे जेमतेम 400 वॅटने तापेल आणि चहाचे पाणी उकळायला सुमारे चौपट वेळ घेईल. यात धोका नाही, पण उपयोगही नाही. या दोन्ही वस्तू तिथे सहज मिळतात, तेव्हा त्या इथेच ठेवा.

खरा प्रश्न मिक्सरचा आहे, कारण चटणी-वाटणाशिवाय आपला स्वयंपाक अडतो आणि तिथले साधे ब्लेंडर ओल्या खोबऱ्याला किंवा भिजवलेल्या डाळीला अनेकदा दाद देत नाहीत. मिक्सरच्या मोटारीला कार्बन ब्रश, म्हणजे फिरत्या भागाला घासत वीज पोहोचवणारे कार्बनचे तुकडे, असतात. अंधारात मिक्सर लावला तर खालच्या जाळीतून ज्या निळसर ठिणग्या दिसतात, त्या या ब्रशच्याच. अशी मोटार 50 आणि 60 हर्ट्झचा फरक सहज पचवते, मात्र व्होल्टेज तिला पुरेसेच लागते. थेट 120 व्होल्टवर ती रिकामी फिरेल, पण भांड्यात घट्ट वाटण पडले की अडखळेल, तापेल, आणि बुडाचे ओव्हरलोडचे बटण वारंवार उडेल.

मिक्सर न्यायचाच असेल, तर 120 चे 230 व्होल्ट करणारा लोखंडी गाभ्याचा स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागेल, आणि सुरू होताना मोटार बराच जास्त प्रवाह ओढते म्हणून तो निदान 1500 वॅटचा असावा. प्रवासासाठी मिळणारे हलके कन्व्हर्टर बहुधा केवळ तापणाऱ्या उपकरणांसाठी केलेले असतात, ते मोटारीला लावू नयेत. ट्रान्सफॉर्मर चांगलाच जड असतो, ओट्यावर जागा अडवतो आणि काम नसतानाही थोडी वीज खातो. एवढा खटाटोप करण्यापेक्षा तिथल्या विजेवर चालणारा, 110 व्होल्टचा म्हणून विकला जाणारा भारतीय धाटणीचा मिक्सर घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते; प्रीतीसारख्या कंपन्या तो अमेरिकेसाठी मुद्दाम बनवतात आणि त्याबरोबर चटणीचे भांडेही येते.

वेट ग्राइंडर तर नेऊच नका. त्यात बहुधा इंडक्शन मोटार असते आणि तिचा वेग हर्ट्झवर ठरतो. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, हर्ट्झ बदलत नाही. त्यामुळे 230 व्होल्ट देऊनही ती मोटार सुमारे एक पंचमांश अधिक वेगाने फिरेल आणि तिचा जोर मात्र कमी पडेल.

कपडे वाळवण्याच्या यंत्रासाठी बऱ्याच अमेरिकी घरांत 240 व्होल्टचे सॉकेट असते आणि त्यावर मिक्सर लावा, असा सल्ला तुम्हाला कोणीतरी नक्की देईल. कृपया तसे करू नका. त्या सॉकेटमागचा ब्रेकर साधारण 30 अँपिअरचा असतो, त्यामुळे मिक्सरची बारीक वायर जळू लागली तरी तो वेळेवर पडेलच असे नाही. शिवाय तिथे दोन्ही तारांत वीज असते, आणि मिक्सरचे बटण त्यांपैकी सहसा एकच तोडते, म्हणजे बटण बंद असतानाही आत वीज राहते.

परत येताना हीच काळजी उलट बाजूने घ्यावी लागते आणि ती जास्त महत्त्वाची आहे. तिथला 120 व्होल्टचा राइस कुकर इथे थेट लावला तर तो ठरलेल्या शक्तीच्या साडेतीन पटींहून अधिक वीज ओढतो आणि जळतो. काही हेअर ड्रायरवर 125 आणि 250 व्होल्टची खिट्टी असते. ती भारतात पोहोचल्यावर, पिन सॉकेटमध्ये घालण्याआधी, नाण्याच्या कडेने 250 वर फिरवून घ्या.