एकदा मोडलं म्हणजे संपलं का?

‘काय करायला हवं ते सगळं ठाऊक आहे, पण माझ्यात मनोबलच नाही.’ गोव्यात, फोंड्याला माझ्याकडे समुपदेशनासाठी येणारे अनेकजण हेच सांगतात. शिरीषबाबही (नाव आणि काही तपशील बदललेत) हेच म्हणाले. पन्नाशी ओलांडलेली, पणजीला नोकरी, मधुमेह जुना. डॉक्टरांनी रोज चालायला आणि गोड कमी करायला सांगितलेलं. सोबत बायको होती. तिने लगेच पुस्ती जोडली, ‘ह्यांच्याने व्हायचं नाही, मॅडम.’

चालणं त्यांनी कितीदा तरी सुरू केलं होतं. कधी पावसाने बंद पडलं, कधी जत्रेने. गेल्या चवथीला (गणेश चतुर्थीला) दोन नेवऱ्या, म्हणजे करंज्या, खाल्ल्या आणि दुसऱ्या दिवसापासून चालणंही सोडलं. नेवऱ्यांचा आणि चालण्याचा काय संबंध, असं विचारलं तर म्हणाले, ‘एकदा मोडलं ते मोडलंच. आता दिवाळीनंतर नव्याने बघू.’

माझ्या मते अडचण इथेच होती, मनोबलात नव्हे. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात काम केलेले अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन मार्लॅट यांनी हे नेमकं मांडलंय. एका घोटाने माणूस पुन्हा व्यसनात पडतोच असं नाही. पण ‘मी नियम मोडला, म्हणजे मीच कुचकामी’ असा अर्थ त्याने लावला, तर तो अर्थ त्याला खाली ओढतो.

त्यात आणखी एक गाठ होती. ‘आमच्या घराण्यातच साखर आहे. बाबांचा पाय कापावा लागला.’ आनुवंशिकतेने धोका वाढतो हे खरंच, पण पुढे आजार कसा वळेल ते औषधं, आहार आणि व्यायामावरही ठरतं. हे डॉक्टरांनी त्यांना सांगितलेलं होतंच. म्हणून मी वाद घातला नाही. वादाने श्रद्धा सहसा हलत नाही, उलट कधीकधी माणूस ती अधिक घट्ट धरतो.

मी विचारलं, ‘सोमवार पाळता?’

‘म्हणजे काय! श्रावण अख्खा. मासळी नाही, दारू नाही.’

‘सोमवारी कधी चुकून मासळी पोटात गेलीय?’

ते हसले. बहिणीकडे जेवताना किसमूर (खोबऱ्याची कोरडी कोशिंबीर) घेतली होती. दुसरा घास तोंडात असताना त्यात सुकी सुंगटं (कोळंबी) असल्याचं लक्षात आलं. पान बाजूला सारलं, देवापुढे हात जोडले.

‘मग पुढचा सोमवार?’

‘पाळला की! चुकलं म्हणून देव थोडाच सोडायचा?’

बायको त्यांच्याकडे बघत राहिली. मनोबल नाही म्हणणारा हा माणूस वर्षानुवर्षं सोमवार पाळत होता आणि चूक झाली तरी परत वाटेवर कसं यायचं हेही त्याला येत होतं. फक्त चालण्याच्या बाबतीत त्याने स्वतःला ती सवलत दिली नव्हती.

मग परतीच्या बसमधून फोंड्याच्या अलीकडे फर्मागुडीला उतरून उरलेली वाट चालायची, असं ठरलं. पाऊस असेल तर घरातल्या घरात फेऱ्या. दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी काय करायचं, तेही चुकण्याआधीच लिहून ठेवलं. बायकोला एकच काम दिलं: टोमणा मारायचा नाही. (हे काम सगळ्यांत कठीण निघालं.) गोळ्यांचं बघणं डॉक्टरांकडेच राहिलं. चालायला लागल्यावर गोळ्या परस्पर कमी करायच्या नाहीत, हे मी प्रत्येकाला बजावते.

‘एकवीस दिवसांत सवय लागते ना?’ त्यांनी विचारलं. लंडनमधल्या संशोधक फिलिपा लाली आणि सहकाऱ्यांच्या 2010 च्या अभ्यासात लोकांना 18 ते 254 दिवस लागतील असं दिसलं, मध्य 66 च्या आसपास. एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. ही शेवटची गोष्ट त्यांनी माझ्याकडून दोनदा वदवून घेतली.

पुढच्या चवथीला नेवरी खाल्लीच. चालणं दोन दिवस बुडालं, तिसऱ्या दिवशी सुरू झालं. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा थोडा उतरलाय, डॉक्टरांना हवा तेवढा नाही.

सगळ्यांचंच असं श्रद्धेपाशी अडलेलं नसतं. रात्रपाळी, गुडघेदुखी, किंवा कशातच मन न लागणं असेल, तर मी आधी तिकडे बघते. त्यांच्या बायकोचे गुडघे दुखतात. पुढची वेळ तिने स्वतःसाठी घेतलीय.