आडवा डाग टेपचा, उभी रेघ फिल्मची

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद.

पेनड्राइव्ह पोचला. टीव्हीवरून व्हीएचएस कॅसेटवर टेप केलेल्या त्या 1962 च्या सिनेमाचा तू चकचकीत केलेला भाग पाहिला, मग तुझं मूळ कॅप्चर, म्हणजे टेपवरून कॉम्प्युटरवर जसंच्या तसं उतरवलेलं, शेजारच्या खिडकीत लावून पुन्हा पाहिला. मेहनत दिसते. पण नायकाच्या आजीच्या हनुवटीवरचं गोंदण कुठं गेलं? मूळ टेपवर ते ठिपके पुसट आहेत, पण आहेत. तुझ्या एआयवाल्या सॉफ्टवेअरनं ते डाग समजून काढले आणि त्या जागी गुळगुळीत कातडी बसवली. मागच्या बंडीच्या चाकाचे आरे मोज, दर दोन-चार फ्रेमला कमीजास्त होतात. किराणा दुकानाच्या पाटीवरची अक्षरं देवनागरीसारखी दिसतात, पण एकही शब्द लागत नाही. व्हीएचएसवर जे उतरलंच नव्हतं ते कुठून येणार? सॉफ्टवेअर ते मनानं भरते. म्हणून त्याचा हात चेहऱ्यावर आणि अक्षरांवर पडू द्यायचा नाही.

मी लग्नाच्या शूटिंगमध्ये आणि मिक्सिंगच्या खोलीत आयुष्य घालवलं, सिनेमाच्या लॅबमध्ये नाही. तरी एक सवय तुला लावून घ्यायला सांगतो. पडद्यावर खटकणारं काही दिसलं की ते काढायच्या आधी ठरवायचं, हा दोष कोणाचा? कॅमेऱ्याचा, प्रिंटचा, दूरदर्शनच्या यंत्राचा, टेपचा, व्हीसीआरचा, की आपल्याच कॉम्प्युटरचा? टेपचा, व्हीसीआरचा आणि कॉम्प्युटरचा असेल तर खुशाल काढ. कॅमेऱ्याचा असेल, म्हणजे फोकस हुकला, सावली पडली, तर हात लावू नको, तो सिनेमाच आहे. प्रिंटचा असेल तर विचार करून, थोडंच.

ओळखायचं कसं? आडवा डाग टेपचा, उभी रेघ फिल्मची. टेपवरचा लेप उडाला की तेवढ्या ओळीत पांढरी आडवी ठिणगी चमकते, पुढच्या फ्रेमला ती नसते. फिल्म प्रोजेक्टरमधून उभी सरकते, म्हणून तिच्यावरचा ओरखडा उभा असतो आणि बराच वेळ त्याच जागी नाचत राहतो. धुळीचा कण एका फ्रेमपुरता येतो. चित्राच्या अगदी तळाशी दोन-चार ओळी फाटल्यासारख्या वळवळतात, ती व्हीसीआरची हेड बदलण्याची जागा. तिथं काळी पट्टी टाक आणि मोकळी हो. वर उजव्या कोपऱ्यात मधूनच गोल ठिपका येतो ना, जो तू पुसला? तो ऑपरेटरसाठी होता. पहिला ठिपका दिसला की दुसऱ्या प्रोजेक्टरची मोटर चालू करायची, काही सेकंदांनी दुसरा दिसला की बदली मारायची. नियमानं तो प्रिंटचा दोष, पण मी तरी तो राहू देईन. त्यावरून रीळ कुठं संपलं ते कळतं.

आणि सिनेमा काळापांढरा आहे, तर तुझ्या कॅप्चरमध्ये हिरवट-जांभळे ढग काहून फिरून राहिले? काळ्यापांढऱ्या सिनेमात जो काही रंग दिसतो तो सगळा टेपचा मळ. सॅच्युरेशन शून्यावर आण, निम्मा कचरा एका झटक्यात जाते. तू तासन्तास डीनॉइज, म्हणजे खरखर काढायचा फिल्टर, चालवत बसलीस, त्यात तांदूळ निवडताना खड्यांसोबत तांदूळही सुपाबाहेर गेले. फिल्मचे दाणे म्हणजे चित्राचं अंगच. ते घासून काढले की माणसं मेणाची दिसतात.

आता त्या कॅसेटचा खरा घोळ. तुझ्या मामानं लग्नाच्याच कॅसेटवर टीव्हीवरून सिनेमा टेप केला, म्हणून सिनेमा संपल्यावर लग्नाचा शेवटचा तुकडा उरला आहे. तू दोन्हीला एकच फिल्टर लावला. तसं चालत नाही. आपल्याकडची तेव्हाची टीव्हीची पद्धत पालची, सेकंदाला 25 फ्रेम, आणि प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या भागांत येते, एकात विषम ओळी, दुसऱ्यात सम. सिनेमा दाखवताना हे दोन्ही अर्धे एकाच फिल्म-चौकटीचे असतात. त्यांना नीट जोडलं की पूर्ण चित्र मिळतं, डीइंटरलेस करायची, म्हणजे प्रत्येक अर्ध्यापासून वेगळी फ्रेम बनवायची, गरजच नसते. कंगव्यासारखे दात दिसलेच तर जोडी एका अर्ध्यानं सरकलेली असते, ती सरळ करायची. लग्नाचं तसं नाही. तो शूटिंगवाल्याचा व्हिडिओ कॅमेरा, सेकंदाला 50 वेगवेगळे क्षण टिपणारा. तिथं तू 25 वर आणलंस म्हणजे निम्मी हालचाल फेकली. अक्षता पडताना हातांना जो झटका दिसते तो त्याचाच. त्या भागाला क्यूटीजीएमसी हा डीइंटरलेसचा फिल्टर लाव आणि 50 फ्रेम ठेव. सिनेमाला मात्र तेच लावू नको.

वेगाकडेही बघ. सिनेमा सेकंदाला 24 चौकटींनी चित्रित होतो, पालवर तो सहसा 25 नं पळवतात. अडीच तासांचा सिनेमा 144 मिनिटांत संपतो आणि आवाज जवळजवळ पाऊण सेमीटोन चढतो. पेटी घेऊन बस. तुझ्या टेपवरचं गाणं ना पांढरी एकला बसत, ना काळी एकला, मधेच कुठं लटकलेलं आहे. यावरून खात्री होत नाही, पण शंका घ्यायला पुरेसं आहे. खात्रीसाठी सुरुवातीचं सेन्सॉरचं प्रमाणपत्र थांबवून वाच. त्यावर लांबी लिहिलेली असते. 35 मिलिमीटरची फिल्म मिनिटाला 90 फूट, म्हणजे साधारण 27.4 मीटर चालते. 4,100 मीटर असेल तर सिनेमा अडीच तासांचा. टेपवर 144 मिनिटं भरली तर फक्त वेग वाढलेला आहे. 130 भरली तर कोणीतरी कात्रीही चालवली आहे. वेग उतरवताना ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये टेम्पो किंवा पिच वेगळे बदलू नको, स्पीड बदल, म्हणजे काळ आणि सूर दोन्ही मिळून खाली येतात.

यंत्राचं थोडक्यात सांगतो. पावसाळ्यात पेटीत राहिलेल्या कॅसेटच्या काचेतून रिळाच्या कडेवर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी. ती कॅसेट व्हीसीआरमध्ये घालायची नाही, नाहीतर हेडवरून पुढच्या सगळ्या कॅसेटींना लागते. बाकीच्या कॅसेटी कॅप्चरआधी एकदा शेवटपर्यंत पुढं आणि परत मागं फिरव, ताण सारखा होतो. हेड पुसायला कान कोरायची कापसाची काडी नको, तंतू अडकतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ चामड्याचा तुकडा घे, तो स्थिर धर आणि ड्रम हातानं हळू फिरव. वरखाली घासलंस तर हेड गेलंच समज. टिनाच्या खोलीत मे महिन्यात कॅसेटी ठेवू नको, आणि लाउडस्पीकरजवळ तर कधीच नाही.

कॅप्चर थेट एमपीफोरमध्ये करू नको. 720 बाय 576, इंटरलेस्ड म्हणजे दोन्ही अर्धे तसेच ठेवून, आणि हफवायूव्ही किंवा एफएफव्ही1 या चित्रातलं काही न गाळणाऱ्या पद्धतीत. तासाला 30-35 जीबी जातील, जाऊ दे. तीन तासांच्या कॅसेटला शंभरेक जीबी लागतात, म्हणून वेगळी हार्डडिस्क घे. लॅपटॉप बॅटरीवर चालेल, पण लाइन गेली की व्हीसीआर मधेच टेप चावतो. इन्व्हर्टरवर लावशील तर आधी तो कसला ते पाहा. स्वस्त स्क्वेअर वेव्हचा असेल तर आवाजात घरघर मिसळते. ती नंतर काढत बसण्यापेक्षा लाइन टिकते त्या वेळी काम कर. तुमच्याकडं पहाटे टिकते म्हणालीस, तर पहाटे ऊठ. हे मूळ कॅप्चर पुढं कधीही बदलायचं नाही. एक प्रत घरी, एक वेगळ्या डिस्कवर, एक ब्रह्मपुरीला मावशीकडं.

तू विचारलंस, फ्रेम गायब आहे तिथं एआयनं नवीन बनवली तर काय बिघडते? सत्यजित राय यांच्या अपू-त्रयीच्या निगेटिव्ह 1993 साली लंडनच्या एका लॅबमधल्या आगीत होरपळल्या. पुढं इटलीत बोलोन्याच्या लॅबमध्ये तंत्रज्ञांनी त्या कडक झालेल्या फिल्मला ओलावा दिला, तुटकी भोकं हातानं दुरुस्त केली आणि जेवढी वाचली तेवढी 4के स्कॅन केली. जिथं निगेटिव्ह उरलंच नव्हतं तिथं दुसऱ्या प्रतींमधून चित्र घेतलं. 2015 मध्ये ते सिनेमे पुन्हा पडद्यावर आले. हरवलेला तुकडा दुसऱ्या प्रतीत शोधायचा असतो. तुला दुसरी प्रत मिळाली नाही तर ती उडी तशीच ठेव.

आता तुझा दुसरा बेत, ज्याबद्दल तू भीत भीत लिहिलंस. विनोदी नटाचं उपकथानक काढून हाच सिनेमा पावणेदोन तासांवर आणायचा. यात भ्यायचं काय? गडचिरोलीकडच्या मार्कंड्याच्या जत्रेत तंबूतले ऑपरेटर हेच करत. उशीर झाला की एखादं रीळ गाळत, पब्लिकनं आरडाओरडा केला की गाणं पुन्हा लावत. अमेरिकेत तर याची मोठी परंपरा झाली. 1997 मध्ये जॉर्ज लुकस यांनी ‘स्टार वॉर्स’मध्ये नवी दृश्यं घालून तो पुन्हा आणला, तेव्हा 1977 साली थिएटरात पाहिलेला सिनेमा परत हवा म्हणून हौशी लोक कामाला लागले. एकानं ब्लू-रे, डीव्हीडी आणि जुन्या प्रती जोडून तो पुन्हा उभा केला, एका गटानं 35 मिलिमीटरच्या प्रिंटच मिळवून स्कॅन केल्या. आणि त्याच मालिकेच्या 1999 च्या भागाला दुसऱ्या एकानं कात्री लावून स्वतःला आवडेल असा बनवला. पहिल्या दोघांनी जुनं परत आणलं, तिसऱ्यानं नवं केलं. तिन्ही कामं मला पटतात. तुझ्या फाइलमध्ये मात्र दोन्ही एकत्र आहेत, दुरुस्तीही आणि काटछाटही, आणि पाहणाऱ्याला कळायला मार्ग नाही. फाइली दोन कर. काटछाटीच्या फाइलसोबत एक साधी वही ठेव: किती मिनिट किती सेकंदाला काय काढलं, काहून काढलं.

काटताना चित्राच्या आधी आवाज काप. आपल्या जुन्या सिनेमात पार्श्वसंगीत एका प्रसंगातून दुसऱ्यात वाहत जाते. तू चित्र सुरेख जोडलंस, पण सनई मधेच तुटते आणि चोरी पकडली जाते. संवाद संपून श्वास घेतला जातो तिथं, किंवा दार आपटतं तिथं सांधा घाल. पुढच्या दृश्याचा आवाज थोडा आधी सुरू कर. आणि तो विनोदी नट सगळाच काढू नको. मध्यंतरानंतर तोच चिठ्ठी आणून देतो, तो नसेल तर नायिकेला कळलं कसं?

कायद्याचं लक्षात ठेव. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानं सिनेमाचा हक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून 60 वर्षं राहतो. तुझा 1962 चा सिनेमा 1 जानेवारी 2023 पासून मोकळा झाला. गीतकार-संगीतकारांचे हक्क मात्र वेगळे, त्यांच्या निधनानंतर 60 वर्षं. म्हणून गाण्यांसकट कुठं टाकायच्या आधी ते तपास. याशिवाय नव्वदीतला जो हिंदी सिनेमा तू कापून राहिली, तो मात्र घरात शिकण्यापुरता. बाहेर टाकायचा नाही आणि पेनड्राइव्ह भरून विकायचा तर विचारही नको. परदेशातल्या हौशी लोकांतही संकेत असा, की मूळ डिस्क विकत घेतलेली असावी.

एक मात्र माझं ऐकच. हा सिनेमा थोडा बाजूला ठेव. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय 1964 पासून फिल्मा जपत आलं आहे, आता ते राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात, म्हणजे एनएफडीसीत आहे. तिथं या सिनेमाची फिल्म असेल तर तुझ्या व्हीएचएसपेक्षा ती कितीतरी पटीनं चांगली. तुझ्या कामातून तू शिकशील, पण सिनेमा तुझ्यावाचून अडलेला नाही. त्याच कॅसेटच्या शेवटी उरलेलं लग्न मात्र दुसऱ्या कोणाकडं नाही. बदामाच्या आकाराची मिक्सिंग पाहून तू हसलीस, ती काढू नको, आमच्या धंद्याची तीच फॅशन होती. आणि वडसा-ब्रह्मपुरीकडं घरोघरी झाडीपट्टीच्या नाटकांच्या कॅसेटी पडल्या आहेत, दिवाळीपासून होळीपर्यंत रात्र-रात्र चाललेल्या प्रयोगांच्या. त्यातले कित्येक नट गेले, संहिता गेल्या. मंडळांच्या लोकांना विचार, लेखक-कलाकारांची परवानगी घे, आणि आधी ते उतरव. त्यात भोंग्याचा आवाज फाटलेला असेल, पेट्रोमॅक्सचा पांढरा गोळा असेल, लोकांच्या शिट्ट्या असतील. शिट्ट्या कापू नको.

माझ्याकडचा दुसरा व्हीसीआर घेऊन जा. पिंच रोलर नवा टाकला आहे, ट्रॅकिंगचं बटण जरा घट्ट आहे, जोर लावू नको. एस-व्हिडिओचं भोक आहे त्याला, केबल पिशवीत ठेवतो. मंगळवारी येऊ नको, बाजार असते, मी घरी नसतो.

तुझा,
काकाजी