उंदरांच्या यकृतावरील संशोधनात करिअर आहे का?

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

बी.फार्म.च्या शेवटच्या वर्षात शिकणाऱ्या आपल्या मुलीने यकृताचा भाग काढल्यावर उंदरांच्या शरीरात औषधांचे काय होते, या विषयात पुढे संशोधन करायचे ठरवले आहे. ‘उंदरांची यकृते कापून पोट कसे भरणार, आणि मुंगीसुद्धा मारू नये असे आम्ही घरात शिकवले त्याचे काय?’ असे आपण विचारता. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. मात्र आधी विषय नेमका काय आहे ते पाहू, कारण बाहेरून वाटतो तसा तो केवळ कापाकापीचा नाही.

यकृताचा भाग काढण्याची हिगिन्स आणि अँडरसन या संशोधकांनी १९३१ साली मांडलेली शस्त्रक्रिया थोड्याफार फरकाने आजही केली जाते. उंदराला भूल देऊन छातीच्या हाडाखाली छेद घेतात, यकृताचे मधले व डावे खंड अलगद बाहेर काढून मुळाशी दोरा आवळतात आणि मग ते कापतात. अशा रीतीने सुमारे दोन-तृतीयांश यकृत जाते. कापलेले खंड पुन्हा उगवत नाहीत. उरलेलेच मोठे होत जातात आणि आठवड्या-दहा दिवसांत यकृताचे वजन जवळपास पूर्ववत होते. वजन भरून आले म्हणजे काम भरून आले का, हा आपल्या मुलीचा खरा प्रश्न आहे, आणि तो चांगला प्रश्न आहे.

औषधांचे विघटन करणारी सायटोक्रोम पी-४५० गटातील एन्झाइमे पहिल्या काही दिवसांत दर ग्रॅम यकृतामागेही कमी होतात, कारण इंटरल्यूकिन-६ सारखे जे संकेत पेशींना विभाजनासाठी सज्ज करतात, तेच या एन्झाइमांची निर्मिती दाबतात. त्यामुळे पेंटोबार्बिटल दिलेला असा उंदीर नेहमीपेक्षा जास्त वेळ झोपतो. पूर्वी त्याला उताणे ठेवून तो आपणहून केव्हा पालथा होतो, एवढे घड्याळ लावून मोजत असत. याउलट ग्लुकुरोनिक आम्लाशी औषध जोडून ते बाहेर टाकण्याची क्षमता तुलनेने टिकून राहते. शिवाय आतड्याकडून येणारे सगळे रक्त आता एक-तृतीयांश यकृतातून जाते, म्हणून प्रोप्रानोलॉलसारखे, ज्याचा निचरा यकृतातील रक्तप्रवाहावर अवलंबून असतो असे औषध आणि वॉर्फरिनसारखे, ज्याचा निचरा एन्झाइमांच्या क्षमतेवर अवलंबून असतो असे औषध एकाच प्राण्यात निरनिराळे वागू शकतात. जिवंत दात्याच्या यकृताचा उजवा खंड काढल्यावर त्याला कोणते औषध किती द्यावे, याचा विचार करताना ही माहिती मोलाची ठरते. तरी उंदराचे आकडे माणसाला जसेच्या तसे लावता येत नाहीत. नर उंदराच्या यकृतातले सीवायपी-२सी-११ हे सायटोक्रोम पी-४५० गटातलेच प्रमुख एन्झाइम माणसात तर नाहीच, मादी उंदरातही जवळजवळ नसते.

या कामात हातापेक्षा डोके जास्त लागते, असे माझे मत आहे. नुसते पोट उघडण्याच्या ताणानेही एन्झाइमे घटतात, म्हणून पोट उघडून, यकृताला हात लावून, काहीही न कापता टाके घातलेला तुलनेचा गट ठेवावाच लागतो. वेदनाशामक दिल्याशिवाय चालत नाही. पण ब्युप्रेनॉर्फिन या वेदनाशामकाचे विघटनही यकृतच करते, म्हणजे दया दाखवताना मोजमापात ढवळाढवळ होते. अशा पेचांचा विचार करायला आवडत असेल तर मुलगी या विषयात रमेल.

आता पोटापाण्याचे. केवळ या शस्त्रक्रियेवर नोकरी मिळत नाही, हे स्पष्ट सांगतो. नोकरी मिळते ती रक्तातील औषधाचे प्रमाण अचूक मोजता येणाऱ्याला आणि त्या आकड्यांचा अर्थ लावता येणाऱ्याला. पुणे, हैदराबाद, बंगळूर, अहमदाबाद येथील औषध कंपन्या आणि त्यांच्यासाठी संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळांना अशी माणसे लागतात. त्यासाठी जीपॅट ही एम.फार्म.ची राष्ट्रीय प्रवेश परीक्षा देऊन फार्मॅकॉलॉजीत, म्हणजे औषधांच्या शरीरावरील क्रियेच्या शास्त्रात, एम.फार्म. करावे किंवा नायपर या राष्ट्रीय औषधनिर्माण संस्थेची प्रवेश परीक्षाही द्यावी. संशोधनातच राहायचे असेल तर पुढे पीएच.डी. धरावी लागेल, आणि ती वर्षे विद्यावेतनावर काढण्याची तयारी घरच्यांचीही हवी.

मुंगीच्या प्रश्नाला मी हलके लेखत नाही. आपल्याकडे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली केंद्राची समिती आहे आणि प्रत्येक संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीपुढे किती प्राणी आणि का, याचा हिशेब द्यावा लागतो. २०२३ मध्ये औषध चाचणीच्या नियमांत दुरुस्ती होऊन प्राण्यांऐवजी मानवी पेशींवरील पद्धतींनाही वाट मिळाली आहे. म्हणून तिने यकृतपेशी प्रयोगशाळेत वाढवण्याचे तंत्र आवर्जून शिकावे. मात्र या अभ्यासात प्रयोगाअखेर प्राण्याला बहुधा मरण द्यावेच लागते, हे तिच्यापासून लपवू नये. प्रवेशाआधी एखाद्या संस्थेच्या प्राणीगृहात तिला रीतसर परवानगीने जाऊ द्यावे; तिथे मन लागले नाही तर औषधांच्या विश्लेषणाची शाखा खुली आहेच, आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

विभाग निवडताना तिने तीन गोष्टी विचाराव्यात: प्राणीगृह नोंदणीकृत आहे का, रक्तातील औषध मोजणारे एलसी-एमएस यंत्र विभागातच आहे की नमुने बाहेर पाठवतात, आणि शस्त्रक्रिया कोण शिकवते. शेवटच्या प्रश्नाला ‘विद्यार्थी एकमेकांचे बघून शिकतात’ असे उत्तर आले, तर दुसरा विभाग पाहावा.