थपडेचा आवाज कधी टाकायचा

पहिल्यांदाच एकांकिकेला साउंडला बसतोयस ना? मग आधी थपडेचं सांगतो. हात गालाला लागतच नाही, चार बोटं लांबून जातो. तरी 'फट्' नेमका पडला की प्रेक्षकांना तो गालावर बसलेला दिसतो. आवाज किंचित उशिरा आला तर खपतो, आधी आला की प्रसंग गेलाच. लांबचा आवाज नाहीतरी मागून पोचतो, ३४ मीटरला साधारण सेकंदाचा दहावा भाग. म्हणून नटाच्या हाताकडे बघ, संहितेकडे नको.

थापा वाटतात? १९९७ साली संशोधक सेक्युलर आणि सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग ऐक. पडद्यावर दोन चकत्या समोरासमोरून येऊन एकमेकींतून आरपार जातात. भेटीच्या क्षणी 'टक्' वाजवला की बऱ्याच जणांना त्या आपटून मागे फिरल्यासारख्या दिसतात. २००० साली शम्स आणि मंडळींनी तर एकाच चमकेसोबत दोन बीप वाजवून लोकांना दोन चमका दाखवल्या!

आणि हो, प्रत्येक पावलाला आवाज लावत बसू नकोस, विनोदी होतं. विंगेतल्या न दिसणाऱ्या दाराची कडी मात्र जरूर वाजव. नेपथ्यवाल्याचं एक दार वाचतं.